नवे ट्रकचालक वर्षभरही का टिकत नाहीत? कामगार मंत्री आणि परिवहन मंत्री यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: नव्या ट्रकचालकांचे वेतन, कामाचे तास आणि नोकरीच्या अटी.

महोदय,

ट्रकला ड्रायव्हर मिळत नाहीत, ही तक्रार मालवाहतूकदारांच्या बैठकांत, उद्योजकांच्या परिषदांत आणि आता शासनाच्या व्यासपीठांवरही वारंवार ऐकू येते आणि दर वेळी तिच्यावर प्रशिक्षण केंद्रे वाढवण्याचा उपाय सांगितला जातो. प्रशिक्षण केंद्रांना माझा विरोध नाही. ती प्रत्येक जिल्ह्यात व्हावीत. परंतु जी मुले शिकली, ज्यांनी हेवीचे लायसन्स काढले, जी गाडीवर चढली आणि वर्ष पुरे होण्याआधीच खाली उतरली, त्यांना "का उतरलास?" असे आपल्या दोन्ही विभागांपैकी कोणी विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी उमेदीची सगळी वर्षे ट्रकवर काढली आहेत आणि आमच्या भागातली अनेक मुले माझ्या डोळ्यांदेखत या धंद्यात आली आणि गेली. त्यांच्या वतीने आणि त्यांच्या माहितीवर विसंबून मी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

हे पत्र आत्ताच लिहिण्याला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्याआधी मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा चालकांचा स्वतःचा कायदा होता आणि पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत ही मर्यादा दहा कामगारांची झाली आहे. आपल्या राज्यातले बहुसंख्य मालक एक-दोन ते चार-पाच गाड्यांचे आहेत, हे परिवहन विभागाला त्याच्या स्वतःच्या नोंदींवरून ठाऊक असेल. म्हणजे ज्यांच्याकडे बहुतेक नवी मुले पहिली नोकरी धरतात, ते छोटे मालक आधीही बहुतांशी कायद्याबाहेर होते. आता पाच ते नऊ माणसांचे व्यवसायही बाहेर गेले. चालक मिळत नाहीत असे एकीकडे म्हणायचे आणि दुसरीकडे त्याच्या कामाचे तास ठरवणाऱ्या कायद्याचे कुंपण आणखी आत ओढायचे, ही गोष्ट मला मुकाट्याने मान्य करता येत नाही.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगतो. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा. आमच्याकडे पाऊस बेभरवशाचा असल्याने घरटी एक माणूस बाहेर पडतो; कोणी मुंबईत माथाडीत गेले, कोणी गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) कामाला गेले, कोणी गाडीवर चढले. मी क्लीनर म्हणून चढलो, उस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि पुढे दहा टायर, मग ट्रेलर चालवला. माझ्या भावाच्या मुलाने अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचे लायसन्स काढले, कायद्याप्रमाणे विसाव्या वर्षापर्यंत थांबला, मोटार ड्रायव्हिंग स्कूलची फी घरच्यांनी शेळ्या विकून भरली आणि त्याला हेवीचे लायसन्स मिळाले. हुशार, निर्व्यसनी, गाडी जपून चालवणारा मुलगा. आज तो चाकणजवळच्या एका गोदामात बॉक्स मोजतो. तिथे पगार फार आहे असे नाही, परंतु तो बँकेत येतो, आठवड्याची सुट्टी असते आणि रात्री झोप मिळते. एवढ्या तीन गोष्टींसाठी त्याने स्टिअरिंग सोडले.

आता वेतनाकडे येतो, कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी तिथूनच निघतात.

नव्या चालकाला नेमणुकीचे पत्र मिळत नाही. महिन्याचा एक आकडा तोंडी सांगितला जातो, तो बहुधा लहान असतो, आणि "बाकी भत्त्यात निघेल" असे सांगितले जाते. भत्ता फेरीवर किंवा किलोमीटरवर असतो. गाडी फिरली तर पैसे. गाडी भरण्यासाठी, खाली करण्यासाठी, परतीच्या भाड्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी उभी राहिली तर पैसे नाहीत. मालक हातात खर्ची (वाटखर्चाची रक्कम) देतो आणि त्या खर्चीतून वाचेल तीच कमाई समजली जाते. पुतण्याची हिशोबाची वही मी अजून ठेवली आहे. तिच्यातले एक पान चाकण ते चेन्नई आणि येताना होसूरहून माल, अशा फेरीचे आहे. वर मालकाने दिलेली खर्ची लिहिली आहे. तिच्याखाली जेवण, पंक्चर, ताडपत्रीचा फाटका कोपरा शिवून घेणे, वजनकाट्याचे पैसे, पार्किंग, गाडी खाली करताना मागितलेली वाराई (हमालीचे पैसे), आणि दोन ठिकाणी नुसते "एंट्री" असे लिहून समोर रक्कम, जिची पावती कोणी देत नाही. होसूरला माल मिळेपर्यंत गाडी उभी होती, तेवढ्या दिवसांपुढे फक्त त्याच्या जेवणाचा खर्च आहे. मिळकतीच्या बाजूला काहीच नाही. पानाच्या तळाशी वेगळ्या शाईने, मालकाच्या हाताने, तीन वजाबाक्या आहेत: एव्हरेज (लिटरमागे किलोमीटर) कमी आले म्हणून डिझेल, एक ई-चलान, आणि पोचेवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) माल घेणाऱ्याने "बॉक्स ओले" असा शेरा मारला म्हणून शॉर्टेज (मालाच्या नुकसानीची वसुली). त्या महिन्यात मुलाच्या हाती जे उरले, ते त्याच्या आईने फीसाठी घेतलेल्या उसनवारीच्या हप्त्यालाही पुरले नाही.

या तीनही कपातींबद्दल कायदा काय म्हणतो, ते आपल्याला मी सांगण्याची गरज नाही, परंतु हे पत्र वाचणाऱ्या नव्या चालकांना कळावे म्हणून लिहितो. वेतन संहिता, २०१९ ही गाड्यांची किंवा माणसांची संख्या न पाहता प्रत्येक कर्मचाऱ्याला लागू आहे. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळेच झाले असले पाहिजे आणि आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. आणि नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण हिशोब झाला पाहिजे. यातले एकही कलम मी आजवर कोणत्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात पाळलेले पाहिले नाही. नोकरी सोडणाऱ्या मुलाचा शेवटचा हिशोब तर बहुतेक वेळा बुडतोच, आणि "उचल फिटली नाही" हे कारण पुढे केले जाते.

एव्हरेजच्या पद्धतीवर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तिचा संबंध केवळ चालकाच्या खिशाशी नसून रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या जिवाशी आहे. मालक ठरावीक अंतराला ठरावीक डिझेल देतो. त्यात भागले आणि उरले तर चालकाचा फायदा, नाही भागले तर पगारातून कपात. नवा मुलगा पहिल्याच महिन्यात शिकतो की उतारावर गाडी न्यूट्रल केली किंवा इंजिन बंद केले की डिझेल वाचते. न्यूट्रल केल्यावर इंजिनाचा अटकाव संपतो आणि भरल्या गाडीचे सगळे ओझे ब्रेकवर येते. ब्रेकचे लायनर तापतात आणि तापले की धरत नाहीत. इंजिनच बंद केले तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि दोन-चार वेळा पाय दाबल्यावर टाकीतली हवा उतरते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांचे नुकसान केले, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले होते. त्यानंतर तिथे वेगमर्यादा आली, फलक लागले, कॅमेरे लागले, चालकांवर गुन्हे दाखल झाले. परंतु ज्या पगारपद्धतीमुळे नवशिक्या मुलाला इंजिन बंद करण्याचा मोह होतो, तिच्याकडे आपल्या दोन्ही विभागांनी वळूनही पाहिले नाही. चालकाचे उत्पन्न वाचलेल्या डिझेलवर अवलंबून असेल तोवर उताराच्या माथ्यावर लावलेला कोणताही फलक पुरेसा होणार नाही.

दुसरी तक्रार कामाच्या तासांची आहे. १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दोन पाळ्यांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा तासांना दुप्पट दर, हे सगळे त्यात होते, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने तेच तास सर्व वाहतूक वाहनांच्या चालकांना लावले होते. प्रत्यक्षात शहरांत अवजड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी असल्यामुळे गाडी रात्री चालते, दिवसा ती भरली किंवा खाली केली जाते, आणि त्या वेळी चालक झोपू शकत नाही कारण माल मोजून घेणे, ताडपत्री बांधणे, गेट पास आणणे ही कामेही त्याचीच. ई-वे बिलाच्या (माल नेताना सोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाच्या) नियमांत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत धरली आहे. खुद्द शासनानेच मालाच्या प्रवासासाठी मोकळा वेळ ठेवलेला असताना, माल पाठवणारा मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर एका दिवसात मागतो आणि उशीर झाला की भाड्यातून दंड कापतो. मालक तो चालकाकडून वसूल करतो. पहाटे तीन वाजता डोळे मिटू लागले म्हणून मुलाने धाब्यावर गाडी घेतली तर जीपीएसवर गाडी थांबलेली दिसते आणि फोन वाजतो. गाडी थांबल्याची नोंद ऑफिसला लगेच दिसते. तोच चालक किती तास जागा आहे, हेही त्याच पडद्यावर दिसते, पण ते पाहण्याची जबाबदारी कोणावरही ठेवलेली नाही.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. रस्ता उत्तम आहे, वेळ वाचतो, हे मी मान्य करतो. परंतु वाचलेला वेळ चालकाच्या झोपेत गेला नाही, पुढच्या फेरीत गेला. सरळ, एकसुरी रस्त्यावर एकटा माणूस रात्रभर गाडी चालवतो, आणि ट्रक सुरक्षितपणे लावून झोपता येईल, अंघोळ करता येईल अशा जागा अजूनही फार कमी आहेत. राष्ट्रीय महामार्गांवर पहिल्या टप्प्यात १,००० विश्रांतिगृहे बांधण्याची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती. त्यांपैकी महाराष्ट्रात किती उभी राहिली आणि कोठे, याची यादी परिवहन विभागाने चालकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्ध करावी, एवढेच इथे म्हणतो.

थांबून राहण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो नव्या मुलांचा धीर सर्वांत आधी खचवतो. न्हावा शेवा बंदराबाहेर, तिथल्या सीएफएसच्या (कंटेनर ठेवण्या-हाताळण्याच्या आवारांच्या) दारांत, कळंबोलीच्या पोलाद बाजारात, भिवंडीच्या गोदामांपुढे आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या गेटवर गाड्या तासन्‌तास आणि कधी दिवसचे दिवस उभ्या असतात. रांग हलली की गाडी पुढे घ्यावी लागते, म्हणून केबिन सोडता येत नाही. मे महिन्यात पत्रा तापतो, खाली इंजिन तापलेले असते, आणि कारखान्याच्या आतले शौचालय चालकांना वापरू दिले जात नाही. २०२५ मध्ये नव्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हा चांगला निर्णय आहे आणि त्याबद्दल केंद्र शासनाचे आभार मानले पाहिजेत. पण नव्या मुलाच्या वाट्याला नवी गाडी येत नाही, ती जुन्या चालकाला मिळते. या थांबण्याचे हॉल्टिंग (खोळंब्याचे पैसे) काही ठिकाणी मालकाला मिळते. चालकापर्यंत ते पोचल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. ज्या माणसाचा वेळ रांगेत जातो, त्या वेळेची किंमत दुसऱ्याला मिळते किंवा कोणालाच मिळत नाही, आणि म्हणूनच रांग कमी करण्याची घाई कोणत्याही कारखान्याला नसते.

आता शिकण्याविषयी. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ मध्ये जे नियम आले, त्यांत मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. सुरुवातीला तो ठीक आहे. परंतु रिकामी गाडी मैदानात वळवणे आणि पंचवीस टन माल भरून पावसात कसारा किंवा खंबाटकी उतरणे या गोष्टी सारख्या नाहीत, आणि दुसरी गोष्ट जुन्या चालकाच्या शेजारी बसूनच शिकता येते. पूर्वी क्लीनर होता, मग तो सेकंड ड्रायव्हर व्हायचा, सपाट रस्त्यावर त्याच्या हाती गाडी दिली जायची, घाट उस्ताद स्वतः उतरवायचे आणि का कोणता गिअर ते सांगायचे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत असा नियमही होता. तो २०१८ मध्ये काढून टाकला गेला. त्या एका दुरुस्तीने मालकाचा एक पगार वाचला, एकट्या चालकावर दुप्पट ताण आला आणि नव्या मुलाची केबिनमधली जागाच गेली. आता लायसन्स हाती असलेल्या मुलाला दोनच वाटा आहेत: अनुभव नाही म्हणून नकार घेणे, किंवा कोणा गरजू मालकाची जुनी गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात एकट्याने घाटात उतरणे. पुतण्याने दुसरी वाट धरली आणि तो सुखरूप परत आला, याचे श्रेय मी नशिबाला देतो, व्यवस्थेला नाही.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. गाडीत किती माल भरायचा हे चालक ठरवत नाही, पण ओव्हरलोडचा वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड होतो तेव्हा रस्त्यावर उभा तोच असतो आणि नकार दिला तर हातची गाडी, म्हणजे कामच, जाते. अपघात झाला की चूक कोणाचीही असो, जमाव मोठ्या गाडीच्या चालकाला मारतो. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला कडक शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या, त्यामागे पळून जाण्याची मुभा हवी हा हट्ट नसून थांबलो तर जीव जाईल ही भीती होती. ते कलम अमलात आणलेले नाही, पण रद्दही झालेले नाही, आणि नवी मुले हा प्रश्न आजही विचारतात. कर्मचारी राज्य विमा आणि भविष्य निर्वाह निधी मोठ्या कंपन्यांच्या चालकांनाच ठाऊक आहेत. गाडीवर असताना चालकाचा मृत्यू झाला तर भरपाई मागण्याचा हक्क कुटुंबाला आहे, हेही गावाकडे अनेक विधवांना कोणी सांगत नाही. आणि ट्रक ड्रायव्हरला मुलगी द्यायला आईबाप तयार होत नाहीत, ही गोष्ट आपल्या अहवालांत येत नसली तरी वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या निर्णयात तिचे वजन मोठे असते.

एक-दोन गाड्यांचा मालक हा या पत्रातला आरोपी नाही, हेही मला स्पष्ट लिहायचे आहे. त्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता, विमा, टायर, टोल आहे. भाडे दलाल ठरवतो, आणि कंपनीकडून पैसे यायला महिने लागतात. मालक स्वतःच अनेकदा कालचा चालक असतो. त्याला एकट्याला कायद्याच्या कचाट्यात पकडून काही साधणार नाही. तो गाडी विकून मोकळा होईल. भाड्याचा दर, पोचण्याची वेळ आणि गेटवरची रांग या तीन गोष्टी ज्याच्या हातात आहेत तो माल पाठवणारा आणि माल घेणारा आहे, आणि वेतनाची जबाबदारी तिथपर्यंत पोचली पाहिजे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण महाराष्ट्राने ते एकदा करून दाखवले आहे. १९६९ चा माथाडी कायदा आपल्याच विधिमंडळाने केला. आज इथे, उद्या तिथे काम करणाऱ्या, एकच असा मालक नसलेल्या हमालांची नोंदणी झाली, मंडळे स्थापन झाली, मजुरी आणि त्यावरची लेव्ही मालवाल्याने मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा द्यायची, अशी पद्धत बसली. तिच्यात दोष शिरले असतील, पण आमच्या तालुक्यातल्या कित्येक घरांची भिंत त्या पगारावर उभी आहे. वाशीच्या बाजारात एकाच ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी नोंदणीकृत माथाडी असतो, आणि पुढे केबिनमध्ये रात्रभर जागलेला, कोणत्याही रजिस्टरात नाव नसलेला मुलगा असतो. "ज्याचा माल त्याचा हमाल" असे मालवाहतूकदारांच्या संघटना वाराईच्या प्रश्नावर म्हणतात आणि ते रास्त आहे. त्याच न्यायाने ज्याच्या मालासाठी चालक रांगेत उभा आहे, त्याने त्या वेळेचे पैसे द्यावेत, या मागणीला त्या संघटनांनी पाठिंबा द्यावा, अशी माझी त्यांनाही विनंती आहे.

आता मागण्या.

सर्वप्रथम, मालवाहू वाहनांच्या चालकांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर राज्य मंडळ स्थापन करावे. प्रत्येक चालकाची नोंदणी त्याच्या लायसन्सच्या क्रमांकावर व्हावी, प्रत्येक बिल्टीमागे (मालाच्या वाहतूक पावतीमागे) ठरावीक लेव्ही माल पाठवणाऱ्याकडून घ्यावी आणि तीतून विमा, निर्वाह निधी आणि आजारपणातील मदत द्यावी. रिक्षा आणि मीटर टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ करण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे; ट्रकचालक त्यातून वगळला जावा याला काही कारण नाही.

दुसरे, कामगार हा विषय समवर्ती सूचीतला असल्यामुळे राज्याला केंद्राच्या संहितेत राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करता येते. त्या अधिकाराने मोटार परिवहनासाठी दहा कामगारांची मर्यादा काढावी आणि एक गाडी, एक चालक असला तरी तास, विश्रांती व नियुक्तिपत्र यांच्या तरतुदी लागू कराव्यात.

तिसरे, चालकाचे किमान वेतन महिन्याच्या हिशोबाने, अवजड वाहन चालवण्याच्या कौशल्याला शोभेल असे जाहीर करावे, ते बँकेतच जमा करणे सक्तीचे करावे, आणि भत्ता हा त्यावरचा खर्च समजावा, पगाराचा भाग नव्हे. डिझेलच्या एव्हरेजवरून होणारी कपात बेकायदा असल्याचे वेगळ्या परिपत्रकाने स्पष्ट करावे. ई-चलान चालकाच्या चुकीचे असेल तर ते त्याने भरावे. कागदपत्रे, टायर, दिवे किंवा ओव्हरलोड यांचे असेल तर ते मालकाचे किंवा मालवाल्याचे राहील, हे त्याच परिपत्रकात लिहावे.

चौथे, बंदर, गोदाम किंवा कारखान्याच्या गेटवर गाडी पोचल्याची वेळ नोंदवणे बंधनकारक करावे, दोन तासांपुढच्या थांब्याला तासावर हॉल्टिंग ठरवावे आणि त्यातला निम्मा वाटा थेट चालकाच्या खात्यात जावा. ज्या आस्थापनेत रोज गाड्या येतात, तिथे चालकांसाठी शौचालय, पिण्याचे पाणी आणि बसण्याची सावली नसेल तर तिच्यावर कारवाई व्हावी. हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आजच सांगता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पाचवे, तासांची तपासणी रस्त्यावर उभे राहून करण्याची गरज नाही. फास्टॅगच्या नोंदीत गाडीने कोणता टोल किती वाजता ओलांडला ते असते, ई-वे बिलात मालाचा रस्ता असतो आणि जीपीएसमध्ये थांबे असतात. या तीन नोंदी एकत्र पाहिल्या तर कोणत्या गाडीवर एकच चालक वीस-वीस तास बसवला गेला, हे कामगार अधिकाऱ्याला त्याच्या टेबलावरच कळेल. प्राणांतिक अपघाताच्या प्रत्येक तपासात आधीच्या बहात्तर तासांतल्या या नोंदी जोडणे पोलिसांना व आरटीओला बंधनकारक करावे, आणि तास मोडायला लावणाऱ्याचे नावही त्या कागदांत यावे.

सहावे, आणि नव्या मुलांसाठी सर्वांत तातडीचे: लायसन्सनंतर किमान सहा महिने अनुभवी चालकाबरोबर सेकंड ड्रायव्हर म्हणून काम करण्याची पगारी उमेदवारी सुरू करावी. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शासन बारावी झालेल्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन देत आले आहे. ट्रकवर चढणारी बहुतेक मुले आठवी ते दहावी शिकलेली असल्यामुळे या योजनेच्या दारातच अडतात. हेवीचे लायसन्स ही पात्रता मानून त्यांना आयटीआयच्या बरोबरीने विद्यावेतन द्यावे, आणि शिकवणाऱ्या जुन्या चालकालाही मानधन द्यावे. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या फेरीवर दोन चालकांचा नियम परत आणण्यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी मागणी करावी.

कलम १०६(२) बाबत राज्य शासनाची भूमिका काय आहे, आणि अपघातानंतर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ११२ क्रमांकावर कळवणाऱ्या चालकाला पळून गेलेला समजले जाणार नाही अशी लेखी हमी गृह विभागाकडून मिळेल काय, हेही आपण त्यांच्याकडून स्पष्ट करून घ्यावे.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याचे उत्तर आपल्या दोन्ही विभागांनी लेखी व जाहीर द्यावे. चालकांसंबंधी पुढचे नियम किंवा अधिसूचना काढण्यापूर्वी कळंबोली, भिवंडी आणि चाकण येथे प्रत्येकी एक दिवस चालकांचे म्हणणे ऐकण्यासाठी ठेवावा आणि त्या बैठकीला लायसन्स मिळून दोन वर्षे झालेली नाहीत अशा मुलांना मुद्दाम बोलवावे. बैठकीची वेळ दुपारची असावी, कारण प्रवेशबंदीमुळे त्या वेळी गाड्या उभ्या असतात आणि मुलांना भत्ता न बुडवता येता येईल.

आपला,
एक निवृत्त ट्रकचालक
तालुका माण, जिल्हा सातारा